दुचाकीस्वाराच्या पायांचें कवच

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत ज्या घरापुढें एकही दुचाकी उभी नाहीं असें घर आतां विरळा. मुलगा महाविद्यालयांत जाऊं लागला कीं मोटारसायकल, मुलगी शिकवणीस जाऊं लागली कीं स्कूटर, आणि सून शाळेंत नोकरीस लागली कीं तिलाही एक वाहन, असा क्रम घरोघर दिसतो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. वाहन घरीं आलें कीं त्यास हळदकुंकू वाहतात, नारळ वाढवितात, पुढें लिंबू-मिरची बांधतात; आणि कायद्याच्या धाकानें कां होईना, शिरस्त्राणही विकत आणतात. येवढ्यानें संरक्षणाचा विषय संपला असें समजून मंडळी निश्चिंत होतात. पायांत काय घालावें याविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. गाडी तोलतात ते पाय, आणि गाडी कलंडली तर तिच्याखालीं प्रथम सांपडतात तेही पायच. त्यांच्याविषयींची ही उदासीनता आम्हांस फार दिवसांपासून खटकत आहे. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतों.

सर्व देह झांकण्याची कल्पना आपणांस नवीन नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत आयुधागाराचें प्रकरण लिहितांना शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक, वारबाण अशीं आवरणें ओळीनें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं कंचुक गुडघ्यापर्यंत आणि वारबाण घोट्यापर्यंत पोंचणारा, असा अर्थ लावतात. गांधारीच्या दृष्टीनें वज्रमय झालेल्या दुर्योधनाची लोककथा तर आपण मुलांना नेहमींच सांगतों. जी जागा राहून गेली, नेमका तेथेंच घाव बसला, हें तिचें सार. मुलाच्या डोक्यावर उत्तम शिरस्त्राण आणि खालीं अर्धी विजार व स्लीपर, हें दृश्य पाहिलें कीं ती कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें १२९ वें कलम शिरस्त्राण बंधनकारक करतें. पायांविषयीं त्या कलमांत अक्षर नाहीं. कायदा जेथें मुका राहतो तेथें घरच्या वडीलधाऱ्यांनीं बोलावें, हें बरें.

डोक्याचें महत्त्व कमी आहे असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं आणि त्यांत दुचाकीवरील मंडळी शेंकडा ४४ हून अधिक होती. शिरस्त्राण हें पहिलें, याविषयीं दुमत असूं नये. परंतु जे वांचतात त्यांचें पुढें काय होतें हेंही पाहिलें पाहिजे. दुचाकीवरून पडून जगलेल्यांत पायांच्या दुखापती सर्वांत अधिक, असेंच ठिकठिकाणच्या पाहण्यांत आढळून आलें आहे. त्याचें कारण समजण्यास वैद्यकाची पदवी नको. आपली नडगी हातानें चांचपून पाहावी. मागें पोटरीला मांसाची जाड गादी आहे. पुढें मात्र कातडीखालीं लगेच हाड. म्हणून नडगीचें हाड मोडलें कीं पुष्कळदां तें कातडी फाडून बाहेर येतें, जखमेंत रस्त्याची माती शिरते, जखम चिघळते आणि हाड सांधण्यास महिने लागतात. गुडघ्याची वाटीही तशीच पुढें आलेली व उघडी.

आमच्या शेजारच्या आळींतील एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत राजूर घाट उतरत असतां घसरला. वेग बेताचाच होता. शिरस्त्राणास ओरखडाही नाहीं. पण गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, मुलगा चालूं लागला. तथापि वर्ष होत आलें तरी त्यास मांडी घालतां येत नाहीं. वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो खुर्चीवर बसून संध्या करतो, आणि पंगतींत आजोबा पाटावर व नातू खुर्चीवर असा उलटा प्रकार दिसतो. त्याची आई एकदां आम्हांस म्हणाली, "मास्तर, गाडीला ऐंशी हजार मोजले. गुडघ्यांसाठीं आणखी दोन हजार मोजा, असं आम्हांला कोणी सांगितलंच नाहीं हो!" त्या माउलीच्या या एका वाक्यांत आमच्या लेखाचें प्रयोजन आलें.

आतां आपल्या रस्त्यांचा विचार करूं. समृद्धि महामार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. मलकापूर, नांदुरा, खामगांव या बाजूस जाणाऱ्यास अवजड मालमोटारींच्या संगतीनेंच राष्ट्रीय महामार्गावरून जावें लागतें. घाटावरून घाटाखालीं उतरावयाचें तर राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट. बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यांतून जातो. तेथें संध्याकाळीं रोही किंवा रानडुक्कर केव्हां आडवें येईल याचा नेम नाहीं. पावसाळ्यांत शेतांतून निघालेले ट्रॅक्टर काळी चिकण माती डांबरावर आणून सोडतात, आणि सुगींत कोठें कोठें सोयाबीन रस्त्यावरच वाळत घातलेलें असतें. दोहोंवरूनही चाक साबणावरून जावें तसें निसटतें. त्यांत खालची खडी आपल्याच डोंगरांतील काळ्या पाषाणाची. लोणारचें सरोवर ज्या खडकांत कोरलें गेलें त्याच जातीची. ती मऊ नाहीं, हें सांगणें नको.

पडण्याच्या क्रियेंत दोन निरनिराळे प्रकार असतात, आणि त्यांचा भेद ध्यानीं आल्यावांचून वस्त्राची निवड नीट होत नाहीं. पहिला आघात, दुसरें घर्षण. सुमारें ८० सेंटिमीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीस भिडतांना तिचा वेग ताशीं १४ किलोमीटरांच्या आसपास असतो, हें गणित शाळेंतील मुलासही मांडतां येईल. गंमत अशी कीं, खालीं येण्याचा हा वेग गाडी किती जोरानें धांवत होती यावर अवलंबून नाहीं. गल्लींत हळूं जाणारा आणि महामार्गावरून जाणारा या दोघांचेही गुडघे जमिनीवर जवळजवळ सारखेच आदळतात. 'जवळच जावयाचें आहे' या सबबीस येथें आधार उरत नाहीं. घर्षणाचें मात्र तसें नाहीं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारा मनुष्य कोरड्या डांबरावर पडला तर तो सुमारें १० मीटर घसरत जातो. ६० चा वेग असेल तर २० मीटरांहून अधिक. वेग दीडपट झाला कीं फरफट सव्वादोनपट होते. आघातास गादी पाहिजे, घर्षणास चिवट कापड पाहिजे. एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं.

प्रथम कापड. मुली हल्लीं तंग लेगिंग घालून स्कूटर चालवितात. त्यांतील पुष्कळ कापडांत पॉलिएस्टर किंवा नायलॉन असतें. हे तंतू घर्षणाच्या उष्णतेनें वितळतात आणि जखमेस चिकटतात. मग ते काढतांना वैद्यासही त्रास आणि रोग्यासही. साधी सुती जीन्स वितळत नाहीं, इतपत ती बरी. परंतु ती जाड दिसते तितकी चिवट नसते. डांबरावर घसरतांना ती बहुधा एका सेकंदाच्या आंतच फाटते, आणि वर सांगितलेली १० मीटरांची फरफट सुमारें पावणेदोन सेकंदांची आहे. चामडें या कामीं फार जुनें व खात्रीचें. पण आमच्या उन्हांत तें अंगावर ठेववत नाहीं, पावसांत भिजलें कीं जड होतें, आणि पुष्कळ घरांत भूतदयेच्या दृष्टीनें तें नकोसें वाटतें. अशांनीं खंत करण्याचें कारण नाहीं. १९६५ सालीं स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत केव्हलारचा तंतू शोधून काढला. त्या जातीच्या तंतूंचें अस्तर असलेल्या जीन्स, तसेंच जाड विणीच्या नायलॉनच्या खास विजारी आतां आपल्याकडेही मिळतात. जाड विणीचें हें नायलॉन लेगिंगच्या पातळ नायलॉनाहून सर्वस्वी निराळें, हें विसरूं नये. अस्तराची जीन्स घेतांना ती उलटी करून पाहावी. कित्येकांत तें अस्तर गुडघ्यापुरतें हातभर लावलेलें असतें. तें बैठकीवर व कमरेच्या दोन्ही बाजूंसही असलें पाहिजे. शिवण दुहेरी-तिहेरी आहे कीं नाहीं तेंही बघावें, कारण कापड टिकलें आणि शिवण उसवली तर उपयोग शून्य.

युरोपांत अशा वस्त्रांची परीक्षा करण्याचें एक प्रमाण आहे; त्याचा क्रमांक ईएन १७०९२. त्यांत 'तीन ए', 'दोन ए', 'ए', 'बी' आणि 'सी' असे पांच वर्ग आहेत. 'तीन ए' सर्वांत बळकट, पण जड व उष्ण. 'ए' गांवांतल्या रहदारीस पुरेसा. 'दोन ए' हा मधला. 'बी' वर्गांत कापड 'ए' सारखेंच, पण गाद्या नसतात. आणि 'सी' म्हणजे नुसत्या गाद्या धरून ठेवणारें जाळीचें आवरण. गांवोगांव फिरणाऱ्यास 'दोन ए' उत्तम. नोकरीसाठीं बुलढाण्याहून चिखलीस रोज जाणाऱ्यास निदान 'ए' असावा. विजारीच्या आंतील पट्टीवर हा वर्ग छापलेला असतो. दुकानदाराच्या तोंडच्या ग्वाहीपेक्षां ती पट्टी वाचावी.

दुसरी गोष्ट गुडघ्याच्या गादीची. तिला आम्ही जानुत्राण म्हणूं. बाजारांत 'नी-गार्ड' म्हणून मागावें. येथें एक घोटाळा नेहमीं होतो. औषधांच्या दुकानांत संधिवातासाठीं जी लवचीक 'नी-कॅप' मिळते ती निराळी. ती सांध्यास आधार देते. आघात शोषीत नाहीं. खऱ्या जानुत्राणाचें युरोपीय प्रमाण ईएन १६२१-१ हें आहे. त्याच्या परीक्षेंत सुमारें पांच किलो वजन एक मीटर उंचीवरून टाकल्यावर जेवढा तडाखा बसेल तेवढा त्या गादीस देतात, आणि पलीकडे किती जोर पोंचला तें मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनांपर्यंत पोंचला तर पहिली पायरी, २० च्या आंत राहिला तर दुसरी. दुसऱ्या पायरीचें घ्यावें. कांहीं गाद्यांवर 'टी' या अक्षरापुढें अधिकचें चिन्ह असतें. ती गादी ४० अंश उष्णतेंतही पारखलेली आहे, असा त्याचा अर्थ. ज्या खामगांव-शेगांवकडे वैशाखांत पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेथें या लहानशा चिन्हास फार मोल आहे. नडगीही झांकणारें लांब जानुत्राण मिळत असेल तर तेंच पसंत करावें.

उन्हाळा हीच सर्वांची मोठी हरकत आहे, आणि ती खोटी नाहीं. घाटावर बुलढाण्यास निदान वारा तरी असतो. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत दुपारीं अंगाची लाही होते. जें वस्त्र घामामुळें खुंटीवर टांगून राहतें तें कितीही बळकट असलें तरी व्यर्थ. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें २०१८ सालीं 'मोटोकॅप' नांवाची परीक्षणपद्धति सुरू झाली. तींत वस्त्रास संरक्षणाचे गुण वेगळे आणि उष्णतेंतील सोयीचे गुण वेगळे देतात. ही दृष्टि आपण उचलण्याजोगी आहे. आमचा सल्ला असा: मांडीच्या पुढच्या व पोटरीच्या मागच्या भागास जाळी, आणि गुडघा, बैठक व कमरेची बाजू येथें घट्ट कापड, अशी विजार घ्यावी. तेंही न साधल्यास नेहमींच्या सुती पँटवर बाहेरून पट्ट्यांनीं बांधावयाचें जानुत्राण घ्यावें; कचेरींत पोंचतांच तें दोन मिनिटांत सोडून ठेवतां येतें.

माप उभें राहून घेऊं नये. गाडीवर बसल्याप्रमाणें गुडघे वांकवून पाहावें. उभ्या माणसाच्या गुडघ्यावर नीट दिसणारी गादी बसल्यावर पुष्कळदां मांडीवर सरकते, आणि विजारीची कड घोट्याच्या वर चढते. गादी हातानें ढकलून पाहावी. हातानें सरकली तर डांबरावर खात्रीनें सरकेल. पायांत घोटा झांकणारा, लेसचा किंवा पट्ट्याचा बूट असावा; चप्पल तर पडण्यापूर्वींच निघून जाते. धुतांना गाद्या काढून ठेवाव्या, रंग उडविणारी क्लोरिनची भुकटी वापरूं नये, आणि विजार उलटी करून सावलींत वाळवावी, कारण केव्हलारच्या जातीचे तंतू क्लोरिननें व उन्हानें क्षीण होतात. एकदां जोराचा आघात झालेली गादी वरून चांगली दिसली तरी बदलावी.

'आमच्या गाडीस पुढें लोखंडी लेग-गार्ड आहे, मग हें कशाला?' असें विचारणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेंत प्राध्यापक हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस भागांतील ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला व १९८१ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. अशा लोखंडी दांड्यांमुळें घोटा व पाऊल यांच्या दुखापती कमी झाल्या, पण मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या तितक्याच वाढल्या, असें त्यांना दिसून आलें. म्हणजे तो दांडा गाडीचें रक्षण करतो. स्वाराचें रक्षण स्वाराच्या अंगावरच असलें पाहिजे.

भगिनीवर्गासाठीं दोन शब्द निराळे. पाठीमागें एका बाजूस बसणाऱ्या स्त्रीचा पदर किंवा ओढणी चाकांत गुंतून होणारे अपघात आपल्याकडे नवे नाहींत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. त्यान्वयें मागच्या स्वारासाठीं धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण असलेंच पाहिजे. यासच आपण साडी-गार्ड म्हणतों. कित्येक तरुण 'शोभा जाते' म्हणून तें काढून टाकतात. ज्या गाडीवर आई, बहीण किंवा पत्नी बसावयाची त्या गाडीचें साडी-गार्ड काढणें ही हौस नव्हे, अविचार होय. शक्य तेथें सलवार घालून दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावें, ओढणी कमरेस घट्ट बांधावी. आणि लहान मुलें मागें बसतात तेव्हां सायलेन्सरचा चटका पोटरीस बसूं नये म्हणून त्यांचे पाय पूर्ण झांकलेले असावेत.

खर्चाचें म्हणाल तर चांगलें जानुत्राण सुमारें दोन ते चार हजारांत मिळतें, आणि खास विजार सहा-सात हजारांपासून पुढें. मुंबई, पुणें, बंगळूर येथें हें साहित्य बनविणारे स्वदेशी कारखानदार आहेत, तेव्हां विलायती मालाच्या किमतीस भिण्याचें कारण नाहीं. ऐपत बेताची असेल तर क्रम असा लावावा: आज, बिनपैशानें, अर्धी विजार व चप्पल बंद, पुढच्या महिन्यांत घोट्यापर्यंतचे बूट, नंतर जानुत्राण, आणि रोजचा प्रवास लांबचा असेल तर शेवटीं विजार. 'लोक हसतील' ही हरकत तर विचारांत घेण्याजोगीही नाहीं. गांवच्या मैदानावर दीडशे-पावणेदोनशें ग्रॅमच्या चेंडूसमोर उभा राहतांना हाच मुलगा दोन्ही पायांस पॅड बांधतो, तेव्हां त्यास कोणी हसत नाहीं. मग दीडशे किलोच्या यंत्रावर बसतांनाच लाज कसली?

यानें सर्व अनर्थ टळेल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. भरधांव मालमोटारीच्या धडकेपुढें कोणतीही गादी टिकावयाची नाहीं. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा भागांत अपघातांत सांपडलेल्या २१२ स्वारांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. कवच बसविलेल्या विजारी घालणारांच्या पायांस इजा होण्याचा धोका तींत बराच कमी आढळला. परंतु खास म्हणून विकलेल्या विजारींपैकीं चारांत एकाहून अधिक पडतांना फाटल्या, हेंही त्याच पाहणींत दिसलें. तात्पर्य, वस्त्र पारखून घ्यावें, आणि घेतल्यावरही वेग आवरावा. तरीपण आपल्या रस्त्यांवर रोज घडणाऱ्या घसरण्या-कलंडण्या बहुतांशी बेताच्या वेगाच्याच असतात, आणि 'खरचटलें' यांत व 'मोडलें' यांत जो फरक पडतो तो पुष्कळदां बोटभर गादीचा असतो.

म्हणून वाचकांस आमची येवढीच विनंति. येत्या पाडव्यास किंवा दसऱ्यास घरीं नवें वाहन आणाल तेव्हां त्याच्या पूजेच्या पाटावर शिरस्त्राणाशेजारीं जानुत्राणांची एक जोडीही ठेवावी, आणि प्रसाद देण्यापूर्वीं ती मुलाच्या किंवा मुलीच्या गुडघ्यांस आपल्या हातानें बांधून, गाडीवर बसवून, सरकते कीं काय तें पाहावें. ज्यांच्या घरीं वाहन आधींच आहे त्यांनीं मुहूर्ताची वाट पाहूं नये.